चमत्कार वजा केला तर हनुकात काय उरतं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: ठाण्यातल्या एका बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यू, सहकाऱ्याने हनुका या ज्यूंच्या आठ दिवसांच्या सणातल्या शुक्रवारी घरी बोलावलंय. जायच्या आधी तुम्ही वाचायला बसलात. एका ठिकाणी सापडलं की जेरुसलेमच्या मंदिरात एका दिवसाचं तेल आठ दिवस जळलं, त्याची आठवण म्हणून हा सण. दुसऱ्या ठिकाणी सापडलं की तेलाची ही गोष्ट युद्धानंतर काही शतकांनी नोंदली गेली. तुम्ही शाळेत विज्ञान शिकवता, चमत्कारांवर विश्वास नाही. मग या सणाचा आध्यात्मिक अर्थ नेमका काय, आणि याला ‘ज्यूंची दिवाळी’ म्हणावं का?

मी रायगड जिल्ह्यातल्या बेने इस्राएल कुटुंबातला. सिनेगॉगमध्ये प्रार्थना चालवायची आणि मुलांना हिब्रू शिकवायची, यातच बरंच आयुष्य गेलं. हा प्रश्न दर हिवाळ्यात कुणी ना कुणी विचारतंच, आणि सगळ्यांत टोकदारपणे विचारतात ती आमचीच बारा-तेरा वर्षांची पोरं. त्यांच्याशी वाद घालता घालता माझं जे मत झालं ते सांगतो.

तेलाचं खरं-खोटं तुम्ही विचारताय, पण मला वाटतं तुम्हाला अडतंय ते वेगळं. गोष्ट डळमळीत निघाली तर विधी पोकळ ठरतो का, हा खरा प्रश्न. हनुकापुरतं माझं उत्तर ‘नाही’ असं आहे. आमच्या जुन्या रब्बींनी, म्हणजे धर्मपंडितांनी, या सणावर लिहिताना तेलाची गोष्ट तीन-चार ओळींत उरकली आणि दिवा कसा लावायचा, कुठे ठेवायचा, विझला तर काय करायचं, यावर पानंच्या पानं खर्च केली. अर्थ तिथे आहे.

मात्र एक आधीच सांगतो. उत्तर कुणाला विचारता यावरही ठरतं. तेल अवीवमधला धर्म न पाळणारा माणूस तुम्हाला मंदिर सोडवणाऱ्या मक्काबी या ज्यू लढवय्यांचं शौर्य सांगेल. त्यांच्याच नावाने 1932 पासून मक्काबिया क्रीडास्पर्धा होतात. हसिदी या गूढवादी ज्यू परंपरेतला माणूस आठ रात्रींच्या दिव्यांची बेरीज करून छत्तीस आकडा काढेल आणि सृष्टीच्या आरंभीच्या, आता झाकलेल्या प्रकाशाशी त्याचा संबंध जोडेल. अमेरिकेत वाढलेल्या मुलाला भेटवस्तू आठवतील, कारण तिथे हा सण नाताळच्या सावलीत मोठा झाला. तुमचा सहकारी यांपैकी काय सांगेल, मला माहीत नाही. मी सांगतोय ते शिकवणाऱ्याच्या जागेवरून.

इतिहास आधी, कारण त्याशिवाय पुढचं लागत नाही. इ.स.पू. दुसऱ्या शतकात यहुदिया, म्हणजे जेरुसलेमभोवतालचा ज्यूंचा प्रदेश, सेल्युसिड या ग्रीक राजवटीखाली होतं. अंतियोख चौथा एपिफानेस हा राजा इ.स.पू. 175 मध्ये गादीवर आला. इ.स.पू. 167 च्या सुमारास त्याने शब्बाथ, म्हणजे शुक्रवारच्या सूर्यास्तापासूनचा विश्रांतीचा दिवस, पाळणं, मुलांची सुंता करणं, तोरा या आमच्या मूळ धर्मग्रंथाप्रमाणे वागणं यांवर बंदी घातली आणि जेरुसलेमच्या मंदिरात झ्यूसची पूजा सुरू केली. मोदीइन गावचा याजक मत्तथ्या आणि त्याचे पाच मुलगे उठले. त्यांतल्या यहुदा मक्काबीने इ.स.पू. 164 मध्ये मंदिर परत घेतलं, नवी वेदी बांधली आणि किस्लेव महिन्याच्या 25 तारखेपासून आठ दिवस उत्सव केला.

यात एक गोष्ट बहुतेक जण गाळतात. हे भांडण फक्त परक्या राजाशी नव्हतं. यासोन नावाच्या आमच्याच माणसाने राजाला पैसे देऊन मुख्य याजकपद विकत घेतलं होतं आणि जेरुसलेममध्ये ग्रीक पद्धतीची व्यायामशाळा उभारली होती. मग मेनेलाऊसने त्याच्यापेक्षा जास्त बोली लावून ते पद मिळवलं. म्हणजे बंदीहुकूम यायच्या आधीच मंदिर लिलावात निघालेलं होतं.

आता तेल. मक्काबींच्या पहिल्या ग्रंथात आठ दिवसांचा उत्सव आहे, तेलाची कुपी नाही. दुसऱ्या ग्रंथात आठ दिवसांचं कारण वेगळंच दिलंय: डोंगरात, गुहांत लपलेले असताना मंडपांचा सण करता आला नव्हता, तो असा भरून काढला. पहिल्या शतकातला इतिहासकार योसेफस या सणाला ‘दिवे’ म्हणतो, पण कुपी त्यालाही ठाऊक दिसत नाही. आम्ही या आठ दिवसांत प्रार्थनेत आणि जेवणानंतरच्या स्तुतीत जो खास उतारा म्हणतो, त्यातही बलवान दुबळ्यांच्या हाती आणि पुष्कळ थोडक्यांच्या हाती दिल्याबद्दल आभार आहेत, मंदिराच्या अंगणात दिवे लावल्याचा उल्लेख आहे, पण आठ दिवस पुरलेल्या तेलाचा शब्दही नाही. मुख्य याजकाच्या शिक्क्याची एकच कुपी सापडली, त्यात एका दिवसाचं तेल होतं आणि ते आठ दिवस जळलं, ही गोष्ट येते ती तालमूदमध्ये, म्हणजे काही शतकांनी संकलित झालेल्या रब्बींच्या चर्चाग्रंथात. तेव्हा तुम्ही वाचलेल्या दोन्ही गोष्टी बरोबर आहेत.

रब्बींनी तलवार मागे सारून तेल पुढे का आणलं, यावर मुलं हिरिरीने भांडतात. मला पटणारं कारण हे: ज्या घराण्याने मंदिर सोडवलं त्याचं पुढे काय झालं, हे रब्बींनी पाहिलं होतं. मत्तथ्याच्या वंशजांनी याजकपद आणि राजपद दोन्ही स्वतःकडे घेतली. त्यांच्यातल्या योहान हिर्कानसने शेजारच्या इदोमी लोकांना जबरदस्तीने यहुदी केलं. बंदीविरुद्ध उठलेल्यांच्या नातवंडांनी दुसऱ्यांवर सक्ती केली! नावंही ग्रीक: हिर्कानस, अरिस्तोबुलस. शेवटी दोन भाऊ गादीवरून भांडले आणि इ.स.पू. 63 मध्ये पोंपे रोमन फौज घेऊन जेरुसलेममध्ये शिरला. असल्या विजयाचा सण किती काळ साजरा करणार? म्हणून हनुकातल्या शब्बाथला आम्ही जखऱ्या संदेष्ट्याचा जो भाग वाचतो त्यात देव म्हणतो की बळाने नाही, सामर्थ्याने नाही, तर माझ्या आत्म्याने. ही निवड सहज झालेली नाही. तरी शौर्याची बाजू खोटी ठरवून टाकावी असंही मला वाटत नाही. मत्तथ्या उठला नसता तर दिवे लावायला कुणी उरलं असतं का, शंकाच आहे.

आता नियमांकडे येतो. तुमच्या सहकाऱ्याच्या घरी आठ दिव्यांच्या ओळीबरोबर एक नववा दिवा दिसेल, थोडा वर किंवा बाजूला. त्याला शमाश म्हणतात, म्हणजे सेवक. तो असण्याचं कारण असं की बाकीच्या आठांच्या उजेडाचा काहीही उपयोग करायला मनाई आहे. तालमूदमध्ये चक्क लिहिलंय की हनुकाच्या उजेडात पैसे मोजू नयेत. वाचायचं नाही, सुई ओवायची नाही, किल्ली शोधायची नाही. चुकून उजेड वापरला गेला तर तो शमाशचा धरावा, म्हणून तो नववा. दिवे लावल्यावर आम्ही म्हणतो की हे दिवे पवित्र आहेत, त्यांचा वापर करायची आम्हाला मुभा नाही, फक्त पाहायची आहे. ते जळत असेपर्यंत बायकांनी कामाला हात लावायचा नाही असाही जुना रिवाज आहे. या लढ्यात आणि सुटकेत त्यांचाही वाटा होता, म्हणून दिवा लावण्याचं कर्तव्य त्यांच्यावरही पुरुषांइतकंच आहे.

माझ्या दृष्टीने सणाचा गाभा हाच. घरातल्या प्रत्येक वस्तूला आपण काही ना काही काम लावतो. देवालाही लावतो: परीक्षा, नोकरी, दुखणं. इथे एक दिवा असा आहे की ज्याच्याकडून काही मिळवायचंच नाही. अंतियोखाच्या राजवटीला तोरा ही उपयोगाची वस्तू म्हणून चालली असती. कायद्याचं एक पुस्तक, एका प्रांताचे रीतिरिवाज, एवढ्यावर त्याचं काही बिघडलं नसतं. जे कुठल्याच हिशेबात बसत नाही, त्याची त्याला अडचण होती. मी मुलांना त्या अर्ध्या तासात मुद्दाम काही शिकवत नाही. बसा आणि बघा, एवढंच सांगतो. पहिल्या रात्री ती पाच मिनिटांत चुळबुळ करतात. शेवटच्या रात्रीपर्यंत थोडी बसायला लागतात. मोठ्यांना जास्त वेळ लागतो, कारण त्यांच्या हातात फोन असतो.

अर्धा तास म्हटलं, तो नियमच आहे. दिवा अंधार पडल्यावर सुमारे अर्धा तास जळेल इतकं तेल घालून लावायचा. बाजारातली वर्दळ थांबेपर्यंत, अशी तालमूदची भाषा आहे. आता बघा, ज्या तेलाची ख्याती आठपट जळल्याची, त्याच्या आठवणीच्या दिव्याला अर्धा तास पुरतो. आणि पुरेसं तेल घालून नीट लावलेला दिवा वाऱ्याने मधेच विझला तर? पुन्हा लावलात तर चांगलंच, पण बंधन नाही. कर्तव्य लावण्याचं होतं, ते झालं. चमत्कार व्हावा अशी अपेक्षा या कायद्यात कुठेही नाही. उलट मोजून तेल घाला, वात सरळ करा, आणि पुढचं तुमच्या हातात नाही हे मान्य करा, असा त्याचा रोख आहे. विज्ञान शिकवणाऱ्या माणसाला यात अडचण येऊ नये.

याला जोडून सोळाव्या शतकातल्या योसेफ कारो या मोठ्या धर्मशास्त्रकाराची एक शंका सांगतो. तेल एका दिवसाचं होतं, तर पहिला दिवस ते जळलं यात चमत्कार कसला? चमत्कार सातच दिवसांचा, मग सण आठ दिवस का? गणिताची ही खोच मुलांना फार आवडते. उत्तरं ढीगभर दिली गेली आहेत. तेल आठ भागांत वाटलं होतं, रोज कुपी पुन्हा भरत होती, पहिला दिवस विजयाचा, वगैरे. मला त्यांतलं एकच धरून ठेवावंसं वाटतं: नवं शुद्ध तेल यायला आठवडा लागणार हे माहीत असून, उद्याला पुरणार नाही हे दिसत असून, त्यांनी पहिल्या दिवशी दिवा लावला. पहिल्या दिवसाचं श्रेय त्या लावण्याला. इथे निसर्गाचा कुठलाही नियम मोडत नाही.

तरी तुमची वजाबाकी पूर्ण होत नाही, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. दिवे लावताना म्हणायच्या दुसऱ्या आशीर्वचनात ‘आमच्या पूर्वजांसाठी त्या दिवसांत, याच काळात चमत्कार केलेस’ असे शब्द आहेत. ते गाळता येत नाहीत. पण कुठला चमत्कार, हे तिथे लिहिलेलं नाही. तेलाचा मानणारा तो मानतो. ज्याला तो जड जातो तो थोडक्यांच्या विजयाकडे पाहून ते शब्द म्हणतो आणि खोटं बोलत नाही. आमच्या एकाच बाकावर हे दोघे शेजारी बसलेले असतात.

दिव्यांची संख्या रोज वाढते: पहिल्या रात्री एक, आठव्या रात्री आठ. यावरही वाद झाला होता. शम्मायच्या पाठशाळेचं म्हणणं, आठपासून सुरू करून रोज एक कमी करा, जेवढे दिवस उरले तेवढे दिवे. हिल्लेलच्या पाठशाळेचं म्हणणं, एकपासून वाढवत न्या, कारण पवित्र गोष्टीत वर चढायचं असतं, उतरायचं नसतं. हिल्लेलचं चाललं. पण कायद्याची किमान अट मात्र घराला रोज एक दिवा एवढीच आहे. वाढवत नेणं ही हौस, आणि आज सगळं ज्यू जग ती हौसच पाळतं.

जागेचा नियम मला विशेष महत्त्वाचा वाटतो. दिवा दाराबाहेर, रस्त्यावरून दिसेल असा, मेझुझाच्या, म्हणजे दाराच्या चौकटीवर लावलेल्या धर्मवचनाच्या डबीच्या, समोरच्या बाजूला ठेवायचा. वरच्या मजल्यावर राहत असाल तर खिडकीत. जे घडलं ते जगाला दिसावं म्हणून. पण लगेच पुढे सवलत दिली आहे: धोक्याच्या काळात घरात टेबलावर ठेवला तरी पुरे. रब्बींनी हौतात्म्य मागितलं नाही. दार की टेबल, हे ज्याचं त्याने आपल्या काळाकडे बघून ठरवायचं. जर्मनीतल्या कील शहरात 1931 च्या हनुकात रब्बी आकिवा पोस्नर यांच्या खिडकीत आठ दिवे होते आणि रस्त्यापलीकडच्या इमारतीवर नाझी झेंडा. त्यांच्या पत्नी राहेल यांनी तो फोटो काढला, आणि झेंड्याला त्या दिव्यांचं उत्तर काय, हे दोन-चार ओळींत फोटोच्या मागे लिहून ठेवलं. ते कुटुंब नंतर वेळेवर जर्मनीबाहेर पडलं. दिवा खिडकीत ठेवणं आणि वेळ आल्यावर देश सोडणं, दोन्ही निर्णय मला एकाच समजुतीतून आलेले वाटतात.

आमच्याकडे हा प्रश्न कधी आलाच नव्हता. कोकणात दिवा दारात ठेवला म्हणून कुणी बोट दाखवल्याचं ऐकिवात नाही. फार तर शेजारची पोरं बघायला यायची. नोव्हेंबर 2008 मध्ये मुंबईत नरिमन हाउसवर हल्ला झाला आणि महिन्याच्या आत हनुका आला. दार की टेबल यावर आमच्या घरात बोलणं झालं, असं तेव्हाच पहिल्यांदा घडलं.

आणखी एक नियम सांगितल्याशिवाय राहवत नाही. समजा शुक्रवार आहे आणि खिशात एकाच दिव्याचे पैसे आहेत. शब्बाथचा घ्यायचा की हनुकाचा? तालमूद म्हणतं, शब्बाथचा, म्हणजे घरातला. कारण अंधारात माणसं एकमेकांवर आदळतील, चिडतील, घरातली शांती जाईल. बाराव्या शतकातले मोशे बेन मैमोन, म्हणजे मैमोनिदेस, पेशाने वैद्य आणि सृष्टिनियमांचा आदर करणारा माणूस. त्यांनी एकीकडे लिहिलं की भिक्षेवर जगणाऱ्यानेही अंगावरचं वस्त्र विकून हनुकाचं तेल आणावं. त्याच प्रकरणाच्या शेवटी लिहिलं की घरातल्या दिव्यापुढे मात्र हनुकाच्या दिव्याने माघार घ्यावी, कारण शांती मोठी. उपयोगाला न लावायचा दिवा उपयोगाच्या दिव्यापुढे बाजूला होतो, आणि तेही घरातल्यांना ताट दिसावं म्हणून. या एका निकालासाठी मी हा सण शिकवतो, असं म्हटलं तरी चालेल.

आता आमची एक गंमत. बेने इस्राएलांची परंपरा सांगते की आमचे पूर्वज अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटून लागले; सात पुरुष आणि सात बायका वाचल्या. ते आले कधी यावर मतं वेगळी आहेत. आमच्यातला एक पक्ष म्हणतो की ते याच अंतियोखाच्या छळाला कंटाळून निघाले. पुरावा म्हणून ते दाखवतात की जुन्या कोकणी बेने इस्राएलांना नव्याचा, म्हणजे नववर्षाचा सण ठाऊक होता, दारफाळणीचा, म्हणजे प्रायश्चित्ताच्या उपासाचा ठाऊक होता, शेमा ही मुख्य प्रार्थना पाठ होती, पण हनुका नव्हता. मंदिर परत मिळाल्याची बातमी पोचायच्या आधीच ते समुद्रात होते! कागदोपत्री हे सिद्ध करता येत नाही, आणि सण न पाळण्याला दुसरीही कारणं असू शकतात. पण बघा, गावोगाव आम्हाला ओळखायचे ते ‘शनवार तेली’ म्हणून. धंदा घाण्याचा, शनिवारी बैल सोडलेले. म्हणजे पिढ्यान् पिढ्या तेल गाळणाऱ्या माणसांना तेलाचा सण माहीत नव्हता. तो पुढे कोचीन आणि बगदादकडच्या ज्यूंच्या संपर्कातून आला. त्याच्याविना आम्ही शतकानुशतके यहुदी राहिलो ते शब्बाथच्या जोरावर. हनुका तोरात नाही, नंतर रब्बींनी घातलेला सण आहे, आणि त्याचं वजन तेवढंच धरावं.

दिवाळीशी तुलना तुम्ही केलीत, ती अगदीच वावगी नाही. हनुका महिन्याच्या 25 तारखेला लागतो आणि पुढच्या महिन्यात संपतो, त्यामुळे अमावास्या नेहमी मधे येते. तालमूदमध्ये असंही आहे की पहिल्या माणसाने हिवाळ्यात दिवस आखूड होताना पाहिले, जग संपतंय या भीतीने आठ दिवस उपास केला, मग दिवस वाढू लागल्यावर आठ दिवस आनंद केला. अंधारात दिवे लावावेसे वाटणं साऱ्या माणसांचंच आहे. पण पणत्यांनी आपण अंगण उजळतो, आणि हनुकाच्या दिव्याने काही उजळायचं नसतं. ‘ज्यूंची दिवाळी’ म्हटलंत तर तुमचा सहकारी हसून मान डोलावेल. मी असतो तर थोडं भांडलो असतो.

शुक्रवारचं बोलावणं आहे म्हणून काही व्यवहाराच्या गोष्टी. त्या दिवशी हनुकाचे दिवे शब्बाथच्या दिव्यांच्या आधी, सूर्यास्तापूर्वीच लागतात, आणि अंधार पडल्यानंतरही अर्धा तास टिकावेत म्हणून तेल जास्त घालतात. डिसेंबरात तिकडे सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, तेव्हा साडेपाचच्या आत पोहोचा. उशीर झाला तर दिवे लावताना पाहायचं राहून जाईल. न्यायचंच असेल तर ऑलिव्ह तेलाची सीलबंद बाटली न्या. कुठलंही तेल चालतं, आमच्याकडे खोबरेलही चालत आलंय, पण थंडीत ते गोठतं आणि वात धरत नाही. घरी केलेला पदार्थ नको, त्यांचे खाण्याचे नियम किती कडक आहेत ते तुम्हाला माहीत नसेल, फळं बरी. शब्बाथ लागल्यावर फोटो काढू नका. आणि दिवा विझताना दिसला तर मदतीला धावून वात सारू नका, त्या संध्याकाळी त्याला कुणीच हात लावायचा नसतो.